सव्वानऊ ते साडेतीन

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. काल पावणेबाराला तुझ्या शेअरच्या भावाचा स्क्रीनशॉट आला, खाली एकच ओळ: 'काका, विकून टाकू का?' मी चष्मा शोधेपर्यंत दुसरा मेसेज: 'थांबा, वर चाललाय.' थोड्या वेळानं तिसरा, त्यात नुसते जोडलेले हात. एकालाही उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. रागाव. शेअर बाजार सुरू असताना, म्हणजे सव्वानऊ ते साडेतीन, मी कोणालाच उत्तर देत नाही.

तू आपल्या नागपूरच्या मिहान उद्योग प्रकल्पात चांगल्या नोकरीला आहेस, आकडेमोड माझ्यापेक्षा पक्की. कर्ज किती, नफा किती, भाव महाग की स्वस्त, हे तुला मी शिकवायचं म्हणजे उलटाच प्रकार. म्हणून एकच सांगतो, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन निर्णय घ्यायचा नाही. घ्यायचा तो रात्री, जेवणं आटोपल्यावर, वहीत, पेनानं. काय घेतोय किंवा विकतोय, कशासाठी, आणि काय घडलं तर आपलं चुकलं असं मानायचं. तीन ओळी. लिहिता आल्या तर तेव्हाच आफ्टर मार्केट ऑर्डर (बाजार बंद असताना देऊन ठेवायची) टाक आणि झोप. नाही आल्या तर सौदा नाही.

तुझं होल्डिंग नीट पाहिलं. जो शेअर बरा चालला होता तो तू थोड्या नफ्यात काढून टाकलास, आणि त्या पैशानं, अडीचशेला घेतलेला अन् आता शंभरवर पडलेला तो दुसरा शेअर आणखी घेतलास. म्हणे ॲव्हरेज केला, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणला. काय करून राहिला बाप्पा? 'माझ्या भावाला आला की निघतो' असं लिहितोस. तुझा भाव बाजाराला माहीत आहे का? शंभराचे अडीचशे व्हायला दीडशे टक्के वाढ लागते, आणि पडताना तो साठच टक्के पडला होता. हे गणित तू झोपेत करशील, पण दुपारी बाराला, लाल आकडा समोर असताना, नाही केलंस. नफा घाईनं खिशात घालायचा आणि तोटा उराशी धरून बसायचं, या खोडीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय. त्याआधी, १९७९ मध्ये, कानमन आणि ट्वेर्स्की यांनी दाखवलं होतं की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. तेव्हा तू काही जगावेगळा मूर्ख नाहीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीत 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडतो तसं ओरडून डीमॅटमधली पीडा जात नाही, एवढंच.

त्या शेअरबद्दल रात्री वहीत एकच प्रश्न लिही. हा शेअर माझ्याकडे नसता आणि तेवढी रक्कम रोख हातात असती, तर आज या भावाला मी घेतला असता का? उत्तर 'नाही' आलं तर विकायचा. रात्री ठरवून.

आता मंगळवारच्या एक्सपायरीचं, म्हणजे ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपते त्या दिवसाचं. 'नुकसान भरून काढायला थोडं ऑप्शनमध्ये केलं' हे तू आधीच्या एका मेसेजच्या शेवटी, हळूच, लिहिलंयस. मला तेच आधी दिसलं. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या मुदतीच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. उरलेल्या सात टक्क्यांत आपण असू असं वाटायला हरकत नाही, पण तसं वाटतं ते बहुधा बाजार सुरू असतानाच. रात्री साडेनऊला वहीत लिहून बघ, 'मी त्या सात टक्क्यांत आहे, कारण'. पुढे काय लिहितोस ते मला दाखव.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. २३ मार्च २०२०. सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला, मध्ये लोअर सर्किट, म्हणजे पडण्याची ठरलेली मर्यादा, लागून पाऊण तास बाजार बंद होता, शेवटी २५,९८१ वर थांबला. रात्री लिहिलं: 'सगळं विकावंसं वाटतंय. कारण: टीव्ही.' पुढचा रकाना कोरा आहे, पेन टेकवल्याचा नुसता निळा ठिपका. कारण म्हणून लिहिण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे विकलं नाही. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्स पन्नास हजारांवर पोचला. यात माझी हुशारी शून्य. त्या दुपारी मोबाईलवर बोट ठेवलं असतं तर मीही मोकळा झालो असतो.

आणि ४ जून २०२४ तर तुला आठवत असेल, निवडणुकीचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर सेन्सेक्स २,५०७ नं वर, निकालाच्या दिवशी ४,३८९ नं खाली. त्याच आठवड्यात शुक्रवारी तो नव्या उच्चांकावर बंद झाला. सोमवारी नाचत घेतलं आणि मंगळवारी रडत विकलं, अशी मंडळी आपल्या धरमपेठेतही आहेत. नावं घेत नाही.

तू म्हणशील, रात्रीची वाट बघण्यात संधी जाते. जाते. पडणारा शेअर दुसऱ्या दिवशी उघडतानाच लोअर सर्किटला अडकतो आणि गिऱ्हाईक मिळत नाही, असंही होतं. तरी माझा नियम तोच. १८ मे २००९ ला बाजार उघडताच अप्पर सर्किट, म्हणजे चढण्याची मर्यादा, लागलं, दोन तासांनी उघडला, पुन्हा सर्किट, अन् दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,११० अंकांनी वर. त्या दिवशी घाई करणाऱ्यालाही फारसं काही घेता आलं नाही. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचंच वाढलं.

पण काकूला हे पटत नाही. मिहानची हवा होती तेव्हा जामठ्याच्या पुढे वर्धा रोडवर एक प्लॉट बघितला होता. दलाल गाडीतून घेऊन गेला, 'साहेब, आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येऊन राहिली.' काकूनं पर्समधून चेकबुक काढलं. मी म्हटलं, रात्री लिहीन, सकाळी सांगीन. सकाळी प्लॉट गेला होता. आज बुटीबोरीकडे जाताना त्या वळणावर ती मान वळवून बघते. मला हळहळ वाटते का? वाटते. पण त्या लेआउटला तेव्हा आरएल, म्हणजे मंजुरीचं रिलीज लेटर, नव्हतं, कागद म्हणून दलालाच्या हातात एक झेरॉक्स होती, आणि पोरीच्या इंजिनीअरिंगची फी तोंडावर होती. भाव वाढला हे खरं. तेव्हा तो वाढणारच हे त्या दलालाखेरीज कोणाला माहीत होतं? मी त्या रात्री वहीत लिहिलं होतं, 'मालकी कोणाची ते कळत नाही.' ते वाक्य आजही बरोबर आहे. नंतर सगळं ठीक निघालं म्हणून ते चूक ठरत नाही. काकू म्हणते, हे वाक्य फ्रेम करून हॉलमध्ये लावा, प्लॉट तर लावता येत नाही.

असो. कुठून कुठे गेलो. पण तू पुन्हा दुपारी स्क्रीनशॉट पाठवशील हे मला ठाऊक आहे, म्हणून आताच सांगतो, उत्तर येणार नाही. रात्री लिहून पाठव, तीनही ओळी, तर बारा वाजेपर्यंत जागून वाचीन.

मधल्या काळात ॲपमधली भावाची नोटिफिकेशन बंद कर. एसआयपी थांबवलीयस ती का थांबवली ते लिही. कारण सापडलं नाही तर पुन्हा सुरू कर, तेही रात्रीच. रविवारी सकाळी ये, तर्री-पोहे आणून ठेवतो. येताना होल्डिंग स्टेटमेंटचा प्रिंट आण, मोबाईलवरचं मला नीट दिसत नाही.

तुझा,
काका

ता. क. त्या टेलिग्राम ग्रुपमधून बाहेर पडलास का? टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचार म्हटलं होतं, त्यावर तू गप्पच आहेस.