लाईन ८० ची म्हणून व्हॉल्व्हही ८० चा घेऊ नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाराशिवकडच्या कारखान्याची डिस्टिलरी, रिबॉयलरला (कॉलमच्या तळाचा द्रव वाफेने उकळवणारं उपकरण) जाणारी वाफेची लाईन ८० मिमी, हेडरला (वाफ वाटणाऱ्या मुख्य नळीला) ५ बार गेज, वाफ संपृक्त, म्हणजे उकळबिंदूवरचीच. पूर्ण लोडला ताशी १८०० किलो, नेहमीच्या चालीत १२००, कमी लोडला ४००. जुना कंट्रोल व्हॉल्व्ह ८० मिमी, लिनियर ट्रिमचा (ट्रिम म्हणजे आतले प्लग-सीट; लिनियर म्हणजे जितकं उघडणं तितकाच प्रवाह). कॉलमच्या तळाचं टेंपरेचर सतत वरखाली होतं, ऑपरेटर वैतागून बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालणारी लाईन) हाताने चालवतो आणि तीन हंगामांत सीट दोनदा बदलावी लागली. आता नवा घ्यायचा तर परचेसवाले म्हणतात, पुन्हा ८० च घ्या, लहान घेतला तर वाफ कमी पडेल.

वाफ कमी पडणार नाही. ५० मिमीचा घ्या. का, ते आकड्यांनीच दाखवतो, म्हणजे तुम्हाला मीटिंगमध्ये कागद पुढे करता येईल.

कंट्रोल व्हॉल्व्हचं खरं माप म्हणजे त्याचा केव्ही. १ बार दाब-घटीला ताशी किती घनमीटर पाणी जातं, तो आकडा. फ्लँजचं माप नंतर येतं. (काही कंपन्या सीव्ही देतात, तो गॅलन आणि पीएसआयमधला. केव्हीला १.१५६ ने गुणलं की सीव्ही. दोन कोटेशनांची तुलना करताना एकात केव्ही आणि दुसऱ्यात सीव्ही असेल तर घोटाळा ठरलेला.) संपृक्त वाफेसाठी सोपा हिशेब असा: ताशी किलो = १२ × केव्ही × आतला दाब. हा दाब अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे वातावरणाचा १ बार मिळवून तुमचा ५ गेज इथे ६ धरायचा. दाब-घट आतल्या दाबाच्या ४२ टक्क्यांपेक्षा कमी असली की या उत्तराला एक घट-गुणक लागतो.

आता सगळा खेळ दाब-घटीचा आहे. पूर्ण लोडला रिबॉयलरला ३.५ बार गेज पुरतात असं धरू. मग व्हॉल्व्हवर १.५ बार पडतात, गुणक साधारण ०.९१ येतो आणि केव्ही निघतो २७. नेहमीच्या चालीला १८, कमी लोडला ६. बाजारात ५० मिमीच्या ग्लोब व्हॉल्व्हचा केव्ही साधारण ४० असतो, ८० मिमीचा १०० च्या आसपास. म्हणजे ५० चा पूर्ण उघडला तर त्याच दाब-घटीला ताशी २६०० किलो देतो. तुम्हाला हवेत १८००.

तुमचा जुना ८० चा लिनियर यात कुठे बसतो ते बघा. पूर्ण लोडला तो २७ टक्के उघडतो, एरवी १८, कमी लोडला ६. स्ट्रोक ३० मिमीचा धरला तर कमी लोडला प्लग सीटपासून जेमतेम दोन मिमी वर. कंट्रोलरने जरा ढकललं की प्रवाह एकदम वाढतो, जरा ओढलं की बंद. पीआयडीचे, म्हणजे कंट्रोलरच्या ट्युनिंगचे, आकडे कितीही बदला, हे हंटिंग (सतत वरखाली होणं) थांबत नाही. मी स्वतः एका ठिकाणी दोन रात्री ट्युनिंग करत बसलो होतो, तेव्हा हे अंगाला समजलं. सीट जाते तीही याच कारणाने. इतक्या बारीक फटीतून ओली वाफ सुटते तेव्हा धातू कापत जाते. सीट रिंग काढून उजेडात धरा आणि कडेवरून नख फिरवा. तारेने कापल्यासारख्या आडव्या चरांत नख अडकेल. नवी सीट टाकली तरी पुढच्या हंगामात तेच.

मग मुळात ८० चा आला कसा? मी पाहिलेल्या एका डेटाशीटवर दाब-घटीच्या रकान्यात कुणीतरी 'सेफ साईड' म्हणून ०.२ बार लिहिलं होतं. व्हॉल्व्हने दाब खाऊ नये, अशी भावना. तो आकडा तुमच्या हिशेबात घालून बघा: केव्ही ६४ येतो. ६५ मिमीच्या व्हॉल्व्हचा असतो ६३ च्या आसपास, म्हणून विक्रेता एक माप वर जातो आणि ८० चा देतो. त्याचं काही चुकलं नाही, आपण दिलं तसं त्याने दिलं. कंट्रोल व्हॉल्व्ह दाब खाऊनच कंट्रोल करतो. खायला दाब ठेवलाच नाही तर तो नुसता महागडा स्टॉप व्हॉल्व्ह होतो.

म्हणून आधी एक काम करा. व्हॉल्व्हच्या पुढे, रिबॉयलरच्या तोंडाशी एक चांगलं गेज लावा आणि पूर्ण लोडला खरा दाब वाचा. ३.५ हा मी धरलेला आकडा आहे, तुमचा ३ निघेल किंवा ३.८. नळी स्केलने भरलेली असेल तर जास्तच दिसेल. आपल्याकडे बोअरचं पाणी कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा साफसफाईनंतरचं आणि हंगामअखेरचं अशी दोन्ही रीडिंग हातात असलेली बरी. डेटाशीटवर कमी, नेहमीचा आणि जास्त अशा तिन्ही लोडचे प्रवाह, आणि प्रत्येकापुढे त्या वेळचा आतला-बाहेरचा दाब लिहा. नुसता 'मॅक्सिमम' दिला की त्यावर आणखी मार्जिन चढतं, आणि हिशेब करणारा तिसरा माणूस त्याच्यावर स्वतःचं चढवतो.

ट्रिम इक्वल पर्सेंटेज मागा. यात दर १० टक्के उघडण्याला प्रवाह आधीच्या साधारण दीडपट होतो, त्यामुळे कमी लोडला हात हलका राहतो. ५० मिमी, केव्ही ४० आणि इक्वल पर्सेंटेज धरलं तर तुमचे तीन लोड अंदाजे ९०, ८० आणि ५२ टक्क्यांवर बसतात. ९० जरा वर वाटेल, पण तो तुमचा कमाल लोड आहे आणि हिशेब आपण हातचं राखून केलाय. मला तो चालतो.

५० मिमीच्या तोंडाशी वेग सेकंदाला १०५ मीटरच्या आसपास जातो, ध्वनीच्या वेगाच्या साधारण पाचवा हिस्सा. त्याला हरकत नाही. पण पुढची लाईन जमलं तर १०० ची करा, कारण दाब उतरल्यावर वाफ फुगते. आडव्या लाईनवर रिड्युसर (लाईनचं माप बदलणारा तुकडा) एक्सेंट्रिक, म्हणजे एका बाजूने सपाट, घ्या, सपाट बाजू खाली, नाहीतर तिथे पाणी साचतं. व्हॉल्व्हच्या आधी स्ट्रेनर (गाळणी) आणि ट्रॅप (वाफेतलं पाणी काढणारा) हवाच. ओली वाफ तशीच येत राहिली तर स्टेलाईटची (कठीण मिश्रधातूची) सीटही टिकत नाही.

बाकीचं थोडक्यात. बॉडी डब्ल्यूसीबी (ओतीव कार्बन स्टील), ट्रिम ३१६ स्टेनलेसवर स्टेलाईट. ६ बार अ‍ॅब्सोल्यूटची वाफ १५९ अंशांची, पीटीएफई पॅकिंग चालतं. गळती क्लास ४ पुरे, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्का. क्लास ६ मागून मऊ सीट घेऊ नका. वाफ पूर्ण तोडायचं काम आधीच्या हँड व्हॉल्व्हचं. हेडर ३.५ किलोच्या (प्रति चौरस सेंमी) वर आहे म्हणून आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) लागतं, ऑर्डरमध्येच फॉर्म ३-सी, म्हणजे त्याचं सर्टिफिकेट, लिहा. माल आल्यावर सर्टिफिकेटसाठी धावाधाव केलेले लोक मी पाहिलेत.

ॲक्च्युएटरवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागावर) मात्र थांबा. हा एअर-टू-ओपन, म्हणजे हवेच्या दाबाने उघडणारा आणि स्प्रिंगने बंद होणारा, पाहिजे: लाईट गेली, कंप्रेसर बसला, की वाफ बंद झाली पाहिजे. स्प्रिंगचा हिशेब पुढे दाब शून्य आणि हेडर सेफ्टी व्हॉल्व्हच्या दाबाला, अशा अवस्थेत करायला सांगा. हवेचा दाबही कंप्रेसरच्या पाटीवरचा देऊ नका. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला शेवटच्या टोकाला जे मिळतं, समजा ४ बार, तेच लिहा. पोझिशनर (व्हॉल्व्ह नेमका किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण) वाफेच्या लाईनवर नेमका डोक्यावर येतो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात, गरम बॉनेटच्या (बॉडीवरच्या झाकणाच्या) वर. बहुतेक इलेक्ट्रॉनिक पोझिशनरची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. बॉडीला इन्सुलेशन करा, बॉनेट उघडं ठेवा, आणि तरी भीती वाटली तर पोझिशनर वेगळा, दूरच्या स्टँडवर घ्या.

एक मात्र वेगळं सांगतो, कारण तुम्ही शेवटी फीडवॉटरच्या रिसर्क्युलेशनचाही उल्लेख केलाय. तिथे हे वाफेचं गणित लावू नका. तिथे बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा पूर्ण दाब एका व्हॉल्व्हवर डीएरेटरपर्यंत (पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीपर्यंत) उतरतो, आणि पाणी आधीच शंभराच्या वर तापलेलं. मी एकदा असा व्हॉल्व्ह उघडला होता. चालू असताना आतून खडी वाहत असल्यासारखा आवाज यायचा. प्लग बाहेर काढला तर त्याचा खालचा भाग स्पंजसारखा, बोटाला बोचणारी भोकंच भोकं. ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन ते धातूपाशी फुटणं. पृष्ठभाग गुळगुळीत, घासून चकचकीत केल्यासारखा झिजला असता तर ते फ्लॅशिंग, म्हणजे पाण्याची झालेली वाफ वाफच राहणं, आणि त्याचा उपाय वेगळा. कॅव्हिटेशनला दाब टप्प्याटप्प्याने उतरवणारी ट्रिम लागते, फ्लॅशिंग कुठल्याच ट्रिमने थांबत नाही. तिथे कठीण धातू घ्यायचा आणि व्हॉल्व्ह डीएरेटरच्या अगदी जवळ बसवायचा. तुमचा जुना प्लग भंगारात गेला नसेल तर आधी तो शोधून बघा.

डिस्टिलरी साठ्यातल्या मळीवर अजून चालू असेल तर गेजचं रीडिंग या आठवड्यातच घ्या, आणि घेताना बायपास पूर्ण बंद आहे, पासिंग नाही, एवढी खात्री करा. इतके दिवस हाताने चालवलेला बायपास बहुधा गळत असतोच. तिन्ही लोडचे दाब इथे टाका, मी केव्ही पुन्हा काढून देतो.