सांगली-मिरजेतील डिझायनरांनी एकमेकांना काम दाखवावे, असा समूह कसा उभा करावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, सांगली, मिरज, तासगाव, विटा अशा ठिकाणी एकेकट्याने काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनरांनी आपले काम एकमेकांना दाखवावे आणि त्यावर मोकळेपणाने टीका व्हावी, असा ऑनलाइन समूह उभा करायचा असेल तर कोणते अ‍ॅप घ्यावे आणि सभासद कसे जमवावेत. मी सांगलीत अनेक वर्षे पाऊच, लेबले आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करतो आणि अशाच एका लहान समूहात सुरुवातीपासून आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. अ‍ॅप आणि सभासदसंख्या हे दोन्ही प्रश्न मागाहून सुटतात. काम कोणत्या अवस्थेत दाखवायचे, आणि आपल्याच पेठेतल्या प्रतिस्पर्ध्यासमोर ते उघडे करण्याइतका विश्वास दाखवणाऱ्याला कशामुळे वाटेल, हे मात्र आधीच ठरवावे लागते.

काम दाखवायच्या ऑनलाइन जागा आज कमी नाहीत. बिहान्स आणि ड्रिबल ही डिझायनरांनी आपले काम मांडायची त्यांतली दोन संकेतस्थळे. बिहान्स 2005 साली सुरू झाले आणि 2012 च्या अखेरीस अ‍ॅडोबीने ते विकत घेतले; ड्रिबल 2009 मध्ये आले. चालू असलेल्या कामाचा 400 बाय 300 पिक्सेलचा एक लहानसा तुकडा निमंत्रित सभासदांना दाखवायचा, ही ड्रिबलची मूळ कल्पना मला आजही फार चांगली वाटते. परंतु अशा जागी पाहणाऱ्यांमध्ये काम देणारे लोक मिसळले, की अर्धवट काम तेथे ठेवणे कोणालाच परवडत नाही. मग प्रत्येक जण पूर्ण झालेले, नीट सजवलेले काम ठेवतो आणि त्याला 'छान', 'मस्त' याखेरीज काही मिळत नाही, कारण छापून झालेल्या वस्तूवर टीका करून उपयोगही नसतो. तुमच्या समूहाला या जागांशी स्पर्धा करण्याची गरज नाही. तेथे जे मिळू शकत नाही, तेच आपल्या भागातल्या लोकांना हवे आहे.

ते काय असते, हे हळदीच्या पाऊचच्या उदाहरणाने सांगतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्या भागातलाच असल्याची कायदेशीर ओळख, मिळाले, आणि मार्केट यार्डातला माल स्वतःच्या नावाने लहान पाकिटांत विकावा असे अनेक व्यापाऱ्यांना आणि शेतकरी गटांना वाटू लागले. समजा, एका तरुण डिझायनरने अर्धा किलो हळदीच्या पाऊचचे डिझाइन समूहात ठेवले आहे. पुढच्या बाजूला पारदर्शक खिडकी आहे, तिच्यातून हळदीचा पिवळा रंग दिसतो, वर ग्राहकाच्या सांगण्यावरून मानांकनाचे चिन्ह आहे आणि खाली पिवळ्यावर पांढऱ्या, बारीक अक्षरांत मजकूर आहे. दूरच्या शहरातला एखादा निष्णात डिझायनर त्यातली रचना आणि रंगसंगती यांवर उत्तम बोलेल. परंतु ज्याच्या घरात हळदीचा व्यापार आहे तो सभासद सांगेल की प्रकाशाने हळदीचा रंग उतरतो, म्हणून खिडकी ठेवायचीच असेल तर लहान ठेवावी आणि मागच्या बाजूला घ्यावी. छपाईतला माणूस सांगेल की फिल्मवर पांढऱ्या शाईचा थर खाली नसेल तर पिवळा रंग मळकट दिसेल, आणि छापताना रंगांचे थर एकमेकांवर नेमके बसण्यात थोडा जरी फरक पडला तरी त्या बारीक पांढऱ्या अक्षरांतले अनुस्वार भरून जातील. तिसरा विचारेल की त्या व्यापाऱ्याने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे काय, कारण तशी नोंदणी नसताना ते चिन्ह छापता येत नाही. चौथ्याच्या लक्षात येईल की हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आहे, पण अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक राहून गेला आहे. अशी पाऊच ज्या ग्राव्हर पद्धतीने छापतात, तिच्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि एकदा कोरला की बदलाचा खर्च ग्राहकाच्या किंवा डिझायनरच्या माथी बसतो. सिलिंडर कोरण्यापूर्वी या चार गोष्टी ऐकायला मिळणे ही त्या डिझायनरच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, हे हे काम करणाऱ्यालाच कळेल.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की समूहात फक्त चालू असलेले काम यावे, आणि त्याच्यासोबत तीन-चार वाक्ये असावीत: वस्तू कोणासाठी आहे, ती कोठे आणि कशी छापली जाणार आहे, आता काय बदलणे शक्य आहे आणि काय ठरून गेले आहे, आणि दाखवणाऱ्याला नेमकी कोणती शंका आहे. 'कसं वाटतंय?' असे विचारून ठेवलेल्या कामाला 'भारी' याहून वेगळे उत्तर येत नाही, आणि त्यात उत्तर देणाऱ्यांचा काही दोष नसतो. 'नाव आधी वाचले जाते की वजन?' असे विचारले की माणसे खरोखर पाहू लागतात.

टीका कशी करावी यावर अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शक लिझ लेर्मन यांनी 1990 च्या सुमारास एक पद्धत आखली. ती नृत्यासाठी असली तरी आपल्या कामाला नेमकी लागू पडते. आधी पाहणाऱ्यांनी कामातले काय मनाला भिडले ते सांगायचे. मग काम करणाऱ्याने आपले प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी ज्यांच्या आड स्वतःचे मत लपलेले नाही असे, म्हणजे सरळ आणि तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि शेवटी, काम करणाऱ्याची संमती घेऊन, आपले मत मांडायचे. लेखी संवादात हे चारही टप्पे काटेकोर पाळले जात नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. परंतु तिसरा टप्पा मला अत्यंत मोलाचा वाटतो. 'हा फॉन्ट चुकीचा आहे' या वाक्याने दाखवणारा बचावाला उभा राहतो; 'हा फॉन्ट निवडताना तुमच्यासमोर कोणता ग्राहक होता?' या प्रश्नाने तो विचाराला लागतो, आणि पुष्कळदा उत्तर लिहिता लिहिता त्याचे त्यालाच उमगते.

आता विश्वासाविषयी, कारण आपल्या भागात समूह मोडतात ते बहुतेक याच ठिकाणी. मोठ्या शहरात काम पाहणारा अनोळखी असतो. सांगलीत मात्र गणपती पेठेतला एखादा व्यापारी आज तुमच्याकडे तर उद्या माझ्याकडे येतो, आणि लेबल पाहिले की ते कोणाचे हे नाव झाकले तरी ओळखू येते. अशा ठिकाणी चालू असलेले काम दाखवणे म्हणजे आपला ग्राहकच दाखवणे, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती भीती उपदेशाने जात नाही. ती नियमांनी कमी होते, आणि ते नियम लहान असले तरी लेखी असावे लागतात. समूहात दिसलेल्या ग्राहकाकडे कोणीही स्वतःहून जाऊ नये. दराची चर्चा कोणाच्याही चालू कामासंदर्भात होऊ नये. चित्र समूहाबाहेर जाऊ नये, मग ते कौतुकाने पाठवायचे असले तरी. बाजारात न आलेल्या मालाचे नाव आणि बोधचिन्ह झाकूनच काम ठेवावे, आणि ग्राहकाने गुप्ततेची अट घातली असेल तर ते ठेवूच नये. हे मोडणाऱ्याला, तो कितीही ज्येष्ठ असला तरी, समूह सोडावा लागेल, हेही आधीच लिहून ठेवावे. कल्पना चोरीला जाण्याची काळजी अनेक जण बोलून दाखवतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने संरक्षण मिळते ते प्रत्यक्ष रेखाटनाला, नुसत्या कल्पनेला नव्हे. पण काम कोणी कधी दाखवले याची तारीखवार नोंद समूहात राहते आणि तिचा धाक पुरेसा असतो, असे मी पाहिले आहे.

देवनागरी अक्षरांसाठी मी समूहात वेगळी जागा ठेवावी असे सुचवीन, कारण या विषयावर आपल्याला आपणच शिकवायचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक छापखान्यांत काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टांत चालते. ती फाइल त्या फॉन्टाशिवाय दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराचा चुराडा होतो, म्हणून दाखवण्यासाठी नेहमी पीडीएफ किंवा चित्र करावे. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सवय देवनागरीला लावली की शिरोरेखा तुटते. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, यांमुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. मराठीतले ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि अनेक युनिकोड (कोणत्याही संगणकावर मजकूर तसाच राहणाऱ्या नव्या पद्धतीच्या) फॉन्टांत ते वळण मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच येते. एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत. नव्या मुलांनी निदान तेथून सुरुवात करावी. या गोष्टी सहज सांगता येतील असे ज्येष्ठ लोक आपल्या छापखान्यांत आहेत. त्यांतले काही स्वतःला डिझायनर म्हणवत नाहीत, म्हणून त्यांना समूहात बोलावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. त्यांना आवर्जून बोलवा. चर्चा मराठीतच ठेवलीत तर ते लिहितील. इंग्रजीत ठेवलीत तर केवळ वाचतील.

अ‍ॅपविषयी थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅप सर्वांकडे असते, म्हणून सुरुवात तेथे होणार हे उघड आहे, पण तेथे फोटो दाबला जाऊन बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि दोन कामांची चर्चा एकमेकींत मिसळते. चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवणे आणि एका वेळी एकच काम घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो. पुढे फिग्मावर, म्हणजे अनेकांना एकच डिझाइन ऑनलाइन पाहता येणाऱ्या साधनावर, जाता येईल. तेथे कोरलड्रॉमधून काढलेले चित्र ठेवून नेमक्या जागेवर टिपण टोचता येते, आणि 'खालचा डावीकडचा मजकूर' असे वर्णन करत बसावे लागत नाही. रंगाबद्दल मात्र कोणत्याही पडद्यावरून निर्णय देऊ नये. छापील प्रूफ, म्हणजे तपासणीसाठी काढलेली नमुना प्रत, दिवसाच्या उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढलेला फोटो त्यातल्या त्यात बरा.

सभासद थोडेच घ्या. समूह शंभरावर गेला की काम दाखवणारे चार-पाचच उरतात आणि बाकीचे पाहत राहतात. शिवाय त्या पाहणाऱ्यांत कोण कोण आहे हे कळेनासे झाले की ते चार-पाचही थांबतात. दहा-बारा जण असावेत, पण वेगवेगळ्या कामांचे: पाऊच करणारा, पुस्तके करणारा, लग्नपत्रिका आणि फलक करणारा, मोबाइल अ‍ॅपचे पडदे आखणारी, घरून काम करणारी, कलामहाविद्यालयातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. ज्याने काम दाखवले त्याने त्याआधी दोघांच्या कामावर लिहिलेले असावे, अशी अट आमच्याकडे आहे आणि ती मला योग्य वाटते. विद्यार्थ्यांना ही अट सुरुवातीला जड जाते, कारण वडीलधाऱ्यांच्या कामातली उणीव दाखवणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. त्यावर उपाय असा की ज्येष्ठांनी आपले अर्धवट काम आधी ठेवावे आणि विद्यार्थ्याचे नाव घेऊन त्याला विचारावे. आमच्या समूहात एका ज्येष्ठ मुखपृष्ठकाराने असे केल्यानंतर मुले लिहू लागली, आणि त्यांचे निरीक्षण फार चांगले निघाले.

सुरुवात तुम्ही स्वतःच्या चालू कामाने करावी. ते ठेवताना वर लिहिलेली माहिती द्या, आठवड्याची मुदत सांगा, आणि मुदत संपली की कोणाची कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का, हे त्याच ठिकाणी लिहा. वस्तू छापून आली की तिचा फोटोही तेथेच ठेवा. ज्याने सूचना केली त्याला तिचे पुढे काय झाले हे दिसले, तरच तो दुसऱ्या कामावर वेळ काढून लिहील.