वाचकांचे प्रश्न : हातचा म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. ५०३ वजा २६७ असे गणित दिले की ती उत्तर ३६४ लिहिते. रोज वीस-पंचवीस उदाहरणे सोडवून घेते, तरी चूक तशीच राहते. तिचे लक्ष नसते असे समजावे काय?

उत्तर : लक्ष नसते असे मुळीच समजू नये. तिचे उत्तर बारकाईने पाहिले तर ती एक नियम अतिशय काटेकोरपणे पाळत आहे, हे आपल्या ध्यानात येईल. एककाच्या घरात वर ३ आणि खाली ७ आहेत; ३ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून ३ वजा करून ४ लिहिले. दशकाच्या घरात ० मधून ६ जात नाहीत, म्हणून ६ मधून ० वजा केले आणि ६ लिहिले. शतकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे, हा तिचा नियम आहे. पहिली-दुसरीत आपण मोठी माणसेच ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी’ असे सांगत असतो. बहुधा तीच सूचना तिने संपूर्ण संख्येऐवजी एकेका अंकाला लावली आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की, त्यांतील पुष्कळशा चुका अनवधानाने होत नाहीत, तर त्यांच्यामागे ठरावीक रीत असते. तिची ही चूक त्याच प्रकारची आहे.

असा नियम मनात पक्का बसलेला असताना पंचवीस उदाहरणे सोडवून घेतली, तर तो चुकीचा नियमच पंचवीस वेळा गिरवला जातो. म्हणून काही दिवस वही बाजूला ठेवावी आणि काड्या घ्याव्यात. दहा काड्यांना रबर लावून एक गठ्ठा, आणि असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराची एक जुडी करावी. सुरुवात ५२ वजा २८ अशा दोन अंकी उदाहरणाने करावी. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलीसमोर ठेवून ‘यातल्या अठ्ठावीस मला दे’ एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. ती दोन गठ्ठे चटकन उचलून देईल; मग आठ सुट्या काड्या द्यायच्या तर हाताशी दोनच आहेत, हे पाहून क्षणभर थांबेल. वर्गात मी हा क्षण अनेकदा पाहिला आहे: मूल एकदा काड्यांकडे पाहते, एकदा आपल्याकडे पाहते, आणि मग कोणी न सांगता त्याचा हात गठ्ठ्याच्या रबराकडे जातो. वजाबाकीतला हातचा मुलाला खऱ्या अर्थाने त्या क्षणी कळतो, आणि म्हणूनच तेथे आपण घाईने मदत करू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

त्यानंतर ५०३ कडे यावे. येथे पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या आहेत, सुटा गठ्ठा एकही नाही. म्हणून आधी एक जुडी सोडून दहा गठ्ठे करावे लागतात आणि मग त्यांतला एक गठ्ठा सोडून दहा काड्या मिळवाव्या लागतात. आता चार जुड्या, नऊ गठ्ठे आणि तेरा काड्या झाल्या. त्यांतून २६७ सहज देता येतात आणि २३६ उरतात. ‘शून्याचे नऊ होतात’ हे वाक्य पाठ केलेल्या मुलांना तो नऊ आला कोठून हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. जुडी सोडलेल्या मुलाला ते सांगता येते. काड्यांची प्रत्येक कृती होताच तीच कृती वहीत अंकांनी लिहून घ्यावी, म्हणजे उभी मांडणी ही त्या कृतीचीच नोंद आहे हे तिला जाणवेल. शेवटी पडताळ्याची सवय लावावी. २६७ मध्ये तिचे ३६४ मिळवले तर ६३१ होतात. हे तिने स्वतः करून पाहिले, तर चूक झाली आहे असे आपल्याला सांगावे लागणार नाही.

प्रश्न : आम्ही वजाबाकी करताना वरच्या अंकाला दहा देऊन खालच्या शेजारच्या अंकात एक मिळवत असू. मुलाला शाळेत दशक सुटा करून वजाबाकी शिकवली आहे. माझी रीत दाखवली की तो गोंधळतो. कोणती बरोबर?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. आपल्या रीतीमागे असे तत्त्व आहे की, दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली तर त्यांतील फरक बदलत नाही. दोन भावंडांच्या वयांतले अंतर वर्षे गेली तरी तेवढेच राहते, तसे. वर दहा एकक मिळवले आणि खाली एक दशक मिळवला, म्हणजे दोन्हींकडे दहाच मिळवले गेले. मात्र ही गोष्ट काड्यांनी दाखवणे अवघड असते, आणि अर्थ न समजता शिकलेली रीत मूल दुसऱ्या रीतीत मिसळते. ब्राउनेल आणि मोझर यांनी १९४९ मध्ये तिसरीच्या मुलांचा या दोन रीतींच्या अनुषंगाने अभ्यास केला होता. अर्थ समजावून शिकवताना दशक सुटा करण्याची रीत अधिक उपयोगी ठरते, असे त्यांना आढळले. म्हणून सध्या शाळेतील रीतच पक्की होऊ द्यावी. ती पक्की झाल्यावर आपले तत्त्व तोंडी गणितासाठी जरूर शिकवावे, कारण तेथे ते फार सुंदर चालते: ५०३ वजा २६७ म्हणजेच ५०६ वजा २७०, आणि तेच ५३६ वजा ३००. शेवटच्या रूपात हातचा घ्यावाच लागत नाही.

प्रश्न : दुसरीतला मुलगा बेरीज करताना बोटे मोजतो. ही सवय मोडावी का? आणि पाढे पाठ करून घ्यावेत की नाही?

उत्तर : बोटे मोजण्यास मनाई करू नये, मनाई केली तर मूल तीच बोटे पाठीमागे नेऊन मोजते. ८ आणि ७ यांची बेरीज तो एकपासून मोजून करतो, की आठ मनात धरून पुढे मोजतो, हे पाहावे. एकपासून मोजत असेल तर मोठी संख्या धरून पुढे मोजायला शिकवावे. त्यापुढची पायरी दहाची: सातातले दोन आठाला दिले की दहा झाले, उरले पाच, म्हणून पंधरा. दहाच्या जोड्या तोंडपाठ झाल्या की बोटांची गरज आपोआप कमी होत जाते.

पाढे मात्र पाठ हवेतच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. भागाकार करताना मुलाचे सगळे लक्ष सात आठे किती हे शोधण्यातच गेले, तर भागाकाराची रीत समजून घ्यायला लक्ष उरत नाही. परंतु ओझे वाटते तेवढे मोठे नाही. दोन ते नऊपर्यंतच्या पाढ्यांत सात आठे आणि आठ सत्ते एकच आहेत हे कळले, आणि दोन व पाच यांचे पाढे येत असले, की नव्याने लक्षात ठेवण्याचे गुणाकार फक्त २१ उरतात. ते आधी ठिपक्यांच्या ओळी मांडून समजावेत, मग रोज थोडे थोडे म्हणून घ्यावेत.

प्रश्न : गुणाकाराची एकच रीत शिकवावी की अनेक?

उत्तर : लिहिण्याची एक रीत पक्की करावी, परंतु विचार करण्याच्या रीती अनेक असू द्याव्यात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण निरनिराळ्या रीतींनी सोडवले आहे. बाराची ८ आणि ४ अशी फोड करता येते, १० आणि २ अशीही करता येते. आधी ३ ने आणि मग ४ ने गुणता येते. किंवा २० ने गुणून, २७०० मधून १३५ ची आठपट म्हणजे १०८० वजा करता येतात. सगळीकडून उत्तर १६२० येते. चौथीतल्या मुलांना हे उदाहरण देऊन प्रत्येकाने आपापली रीत फळ्यावर मांडावी असे सांगावे, आणि एकाची रीत दुसऱ्याने समजावून सांगावी.