स्टिरिओ स्लाईड : आधी व्ह्यूअर, मग कॅमेरा

स्टिरिओ स्लाईड, म्हणजे दोन डोळ्यांसाठी किंचित वेगळ्या दोन चित्रांची जोडी, जी व्ह्यूअर या बघण्याच्या उपकरणात खोलीसकट दिसते, ती काढायला स्टिरिओ रिअलिस्ट हा कॅमेरा घ्यावा की सोव्हिएत बनावटीचा फेड? दोन्ही बऱ्या स्थितीत मिळताहेत.

आधी हे सांगा, स्लाईड बघणार कशात? कॅमेरा ठरवण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा, आणि बहुतेक लोक नेमका तोच शेवटी विचारतात.

रिअलिस्ट अमेरिकेत 1947 साली बाजारात आला. त्याची फ्रेम 35 मिमी फिल्मच्या कडेची पाच भोकं व्यापते, म्हणजे 23 मिमी रुंद आणि 24 मिमी उंच. फेडची फ्रेम सात भोकांची, 24 × 30 मिमी, आडवी. 36 चित्रांच्या रोलवर रिअलिस्टमध्ये साधारण 28 जोड्या बसतात, फेडमध्ये 21च्या आसपास. आजच्या स्लाईड फिल्मच्या भावात हा फरक खिशाला जाणवतो. दोन्हींचा माउंट, म्हणजे स्लाईड बसवायची चौकट, बाहेरून एकाच मापाचा असतो, 41 × 101 मिमी. पण जुने अमेरिकी व्ह्यूअर पाच भोकांच्या फ्रेमसाठी केलेले आहेत, त्यांतल्या काहींत फेडच्या चित्राच्या कडा झाकल्या जातात. डोंगररांगा, घाट, नदीपात्र असं आडवं काही टिपायचं असेल तर फेडची रुंदी सुखावते. माणसं आणि देवळं टिपायला मला रिअलिस्टची चौकोनी फ्रेम आवडते.

फेडमध्ये सेलेनियमचा प्रकाशमापक आहे. तो थकलेला असला तर ऑटोवर विसंबू नका. स्लाईड फिल्म अर्ध्या स्टॉपची चूकही पोटात घालत नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रिअलिस्टला मापकच नाही, त्यामुळे बिघडायला एक गोष्ट कमी! मात्र त्याचा व्ह्यूफाइंडर खाली, तळाशी आहे. कॅमेरा कपाळाला टेकवून धरावा लागतो. बघणारे हसतात, हसू द्या.

घरात दोन जुने एसएलआर आहेत. पट्टीवर शेजारी शेजारी लावून चालेल का?

दूरच्या दृश्यांना चालेल. दोन एसएलआर शेजारी ठेवले की लेन्समधलं अंतर सहज 14 सेंमी होतं. माणसाच्या डोळ्यांतलं साधारण साडेसहा. नॉर्मल लेन्सला ढोबळ नियम असा की, सर्वांत जवळची वस्तू लेन्समधल्या अंतराच्या तीसपट तरी लांब हवी. म्हणजे चार मीटरच्या आत काहीही नको. सिंहगडावरून दरी टिपा, मजा येईल. दिवाणखान्यात आजीचा फोटो काढलात तर चित्रं जुळवताना डोळे ताणले जातील.

वस्तू हलत नसेल तर एकच कॅमेरा पुरतो : एक फोटो घ्या, कॅमेरा बाजूला सरकवा, दुसरा घ्या. सरकवताना तोच तीसाचा नियम लावा. फूल 30 सेंमीवर असेल तर सरकणं फक्त 1 सेंमी. वाऱ्यात पान हललं की जोडी बाद.

साध्या कॅमेऱ्याच्या या पूर्ण फ्रेम 50 × 50 मिमीच्या दोन सुट्या माउंटमध्ये जातात. डावी-उजवी सरळ रेषेत बसवणं प्रत्येक वेळी तुमच्याच माथी.

लहानपणीच्या व्ह्यू-मास्टरसारख्या चकत्या स्वतः करता येतील?

त्यासाठी 1952 साली व्ह्यू-मास्टर पर्सनल नावाचा कॅमेरा निघाला होता. तो 36च्या रोलवर 69 जोड्या काढतो : फिल्म एकदा पुढे जाते, मग लेन्स सरकवून परतीच्या वाटेवर उरलेल्या पट्ट्यावर चित्रं येतात. हिशोब मोहक आहे. पण चित्रं चिमुकली, फिल्म कापायला खास कटर लागतो, आणि भरायला कोऱ्या चकत्या हव्यात. जुना साठा शोधत बसावं लागतं. कटर आणि चकत्या हातात आल्याशिवाय या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.

मध्यम फॉरमॅटचा, म्हणजे 35 मिमीपेक्षा रुंद फिल्मचा, स्पुत्निक हा सोव्हिएत स्टिरिओ कॅमेरा कसा?

120 रोलवर फक्त सहा जोड्या, पण 6 × 6 सेंमीची स्लाईड व्ह्यूअरमध्ये बघितली की 35 मिमी फिकी वाटते. आतून प्रकाश परावर्तित होऊन चित्र धुरकट होतं, म्हणून जाणकार आत काळं मखमली अस्तर लावतात. ट्रायपॉड आणि एफ/16 किंवा 22, म्हणजे लेन्सचं अगदी लहान छिद्र, हवंच. पहिला कॅमेरा म्हणून नको.

लॅबला काय सांगायचं?

ई-6 (स्लाईड फिल्म धुण्याची पद्धत) प्रोसेस करा, पण फिल्म कापू नका, माउंट करू नका. ही सूचना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडीही सांगा. लॅबचं कापण्याचं माप साध्या फ्रेमचं असतं. स्टिरिओ रोल त्यात गेला तर सुरी चित्रांच्या मधोमध फिरेल.