वाचकांचे प्रश्न : दाहिनीवरच्या ऑपरेटरला पुढची वाट आहे का?

प्रश्न : मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून गेली चार वर्षे एका महापालिकेच्या स्मशानभूमीत ठेकेदारामार्फत ऑपरेटरचे काम करतो. आमच्याकडे एक विद्युतदाहिनी आणि एक गॅसदाहिनी आहे. काम मनापासून करतो. पण घरचे म्हणतात की यात पुढे काही नाही, शिवाय सोयरीक जुळवताना अडचण येते. या कामात शिकण्यासारखे काय आहे, आणि त्याच्या बळावर वर जाता येईल का? – एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : वर जाता येते, मात्र ती वाट कोणी आखून ठेवलेली नाही, ती तुम्हालाच आखावी लागेल. अमेरिकेत 1913 साली स्थापन झालेली ‘क्रिमेशन असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संस्था दाहिनीचालकांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देते. आपल्याकडे हेच काम बहुतेक जण जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभे राहून शिकतात, आणि म्हणूनच ते अंगी असले तरी कागदावर दिसत नाही. तुमची खरी अडचण हीच आहे, असे मला वाटते.

बटण दाबणे म्हणजे दाहिनी चालवणे नव्हे, हे तुम्ही जाणताच. विद्युतदाहिनीची भट्टी आधी तापवून घ्यावी लागते, कारण शरीरात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते आणि थंड भट्टीत दहन रेंगाळून धूर होतो. पण तीच भट्टी वारंवार पूर्ण थंड करून घाईने तापवली, तर अग्निरोधक विटांना भेगा पडतात आणि हीटिंग कॉइल लवकर तुटतात. गॅसदाहिनीत बर्नर पेटवण्यापूर्वी ब्लोअर (हवा मारणारा पंखा) चालवून आत साचलेला गॅस बाहेर काढणे ही पायरी कधीही गाळायची नसते. ती गाळली तर पेटवताच स्फोट होऊ शकतो. स्थूल देहाच्या बाबतीत तर अनुभवच उपयोगी पडतो. शरीरातील चरबी स्वतःच इंधनासारखी जळते, त्यामुळे तापमान झपाट्याने चढते. अशा वेळी भट्टी फार तापलेली नसताना देह आत घेणे, बर्नर वेळीच कमी करणे आणि हवा पुरेशी ठेवणे हे ज्याला जमते त्याच्या धुराड्यातून काळा धूर येत नाही. धूर दिसला की आधी हवा पाहावी, मग दुय्यम कक्षाचे, म्हणजे धूर पुन्हा जाळणाऱ्या कप्प्याचे, तापमान, आणि देहाबरोबर प्लॅस्टिक किंवा रबर आत गेले आहे का तेही पाहावे.

एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुरतमधील गॅसदाहिन्या अखंड चालवाव्या लागल्या, तेव्हा त्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. यंत्राला विसावा कधी द्यायचा, हे वरिष्ठांना ठामपणे आणि आकड्यांसह सांगू शकणारा ऑपरेटर किती मोलाचा असतो, ते त्या दिवसांनी दाखवून दिले. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, प्रत्येक दहनाची वेळ, सुरुवातीचे आणि कमाल तापमान, लागलेला गॅस किंवा वीज आणि आढळलेला बिघाड यांची नोंदवही तुम्ही स्वतः ठेवावी. त्यात मृताचे नाव नको; फक्त यंत्राचा वृत्तांत हवा. दोन वर्षांची अशी वही मुलाखतीत कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक बोलते.

दुसरे कौशल्य कागदपत्रांचे आहे, आणि ते मी यंत्राच्या खालोखाल नव्हे, बरोबरीने मोजतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे मृत्यूची माहिती कळवण्याची जबाबदारी अंत्यसंस्काराच्या जागेची देखरेख करणाऱ्यावरही येते. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयातून आले असेल तर नमुना 4 मध्ये आणि घरी मृत्यू झाला असेल तर नमुना 4अ मध्ये असते. अपघात, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचे पत्र पाहिल्याशिवाय देह आत घ्यायचा नसतो. दहनानंतर पुरावा उरत नाही, एवढे ध्यानात ठेवले की या तपासणीचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. नातेवाइकांना पेसमेकरविषयी विचारणेही याच टप्प्यावर करावे, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि विटांना व माणसाला इजा होऊ शकते. तो काढण्याचे काम मात्र डॉक्टरांचे आहे. अस्थींची अदलाबदल होऊ नये म्हणून देहाबरोबर क्रमांकाचा धातूचा बिल्ला ठेवण्याची पद्धत तुमच्याकडे नसेल, तर ती सुरू करण्याचा प्रस्ताव तुम्ही लेखी द्या.

आता पुढच्या पायऱ्यांविषयी. तुमच्याकडे दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय आहे, त्यामुळे अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी तुम्हाला अर्ज करता येतो. पदविका झाली की महापालिकांच्या कनिष्ठ अभियंता पदांच्या जाहिराती तुमच्यासाठी खुल्या होतात; वयोमर्यादेमुळे हा निर्णय लांबवू नका. शिक्षण लगेच शक्य नसेल तर दाहिन्या बनवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या कंपन्यांकडे सेवा तंत्रज्ञ म्हणून जावे. वाया जात नाही ते भट्टीचे ज्ञान : कोल्हापूरच्या फाउंड्र्या, धातूंवर उष्णताप्रक्रिया करणारे कारखाने आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे दहन करणारे प्रकल्प यांना थर्मोकपल (तापमान मोजणारे साधन), बर्नर आणि अग्निरोधक अस्तर समजणारी माणसे लागतात.

सोयरिकीच्या अडचणीबद्दल मला मनापासून खेद वाटतो. स्मशानातील काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादून त्यांना गावाबाहेर ठेवणाऱ्या समाजाची ही सवय आहे, आणि दोष तिचा आहे, तुमचा नाही. स्थळ आले की मुलीकडच्यांना आधीच आणि स्पष्टपणे काम सांगा. जमल्यास त्यांना एकदा दाहिनीचे नियंत्रण कक्ष दाखवा.

प्रश्न : ठेकेदार बदलला की आमचा अनुभव शून्यावर येतो. काय करावे? – एक मदतनीस

उत्तर : अनुभव तुमचाच राहतो, पण तो सिद्ध करता आला पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन (कायमचा खातेक्रमांक) एकच ठेवावा, प्रत्येक ठेकेदाराकडे तोच द्यावा आणि पासबुकमध्ये रक्कम जमा होते का, ते दर महिन्याला पाहावे. ठेकेदार बदलले तरी सलग काम केल्याचा तो भक्कम आधार असतो. वेतनचिठ्ठी मागून घ्यावी आणि ठेका संपण्याआधीच अनुभवपत्र मिळवावे. त्यावर ‘मदतनीस’ एवढेच न लिहिता ट्रॉली चालवणे, राख काढणे, बर्नरची स्वच्छता अशी कामे नोंदवून घ्यावीत. आणि भट्टीच्या अस्तराची धूळ साफ करताना साधा रुमाल न बांधता एन-95 मुखपट्टी वापरावी, कारण त्या धुळीतील सिलिका आणि सिरॅमिक तंतू फुप्फुसांत जातात; ती मुखपट्टी पुरवणे हे ठेकेदाराचे काम आहे आणि तिची मागणी लेखीच करावी.