बारा गाड्या, तीन घाट: पहिला ग्रुप ड्राइव्ह सुरक्षित कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतल्या बारा गाड्या, डिसेंबरमधला एक शनिवार, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पसरणी घाटमार्गे त्याच रात्री परत पुणे. आधी कुणीच असा ड्राइव्ह केलेला नाही. शिवाय तुमच्या चुलतभावाला लायसन्स मिळून चार महिनेच झालेत, त्याला न्यावं का, हाही प्रश्न.

गेली नऊ वर्षं मी मित्रमंडळींचे असे ड्राइव्ह काढतोय. पहिला ड्राइव्ह ताम्हिणीचाच होता, चौदा गाड्यांचा, आणि तो मी चुकीचा काढला होता. मुळशी मागे पडल्यावर सातव्या नंबरची गाडी विटांच्या ट्रकमागे अडकली. पुढचे आम्ही सहाजण आपल्याच नादात निघून गेलो. सातव्या गाडीतला मित्र एरवी इतका सावकाश चालवणारा की बायको त्याला चिडवते. पण पुढची गाडी दिसेना, फोनला रेंज नाही आणि मागच्या सात गाड्या याच्या भरवशावर. त्याने कसाबसा ट्रक मागे टाकला आणि दोन वळणांनंतर गाडीची डावी चाकं गटारात घातली. डावीकडे डोंगर होता, म्हणून बंपर आणि एका अलॉय व्हीलवर निभावलं. उजवीकडे कठडा होता, तोही मधे मधे तुटलेला.

तेव्हापासून ड्राइव्ह आखताना मी एकाच गोष्टीवर नजर ठेवतो: पुढच्याला गाठायची घाई कुणालाही होता कामा नये. घाटात साधी माणसं वेड्यासारखी चालवतात ती या घाईपोटी.

म्हणून आधी बारा गाड्यांची एक रांग मोडा. ताशी ४० किलोमीटरने जाताना तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर दोन गाड्यांमध्ये ३३ मीटर सुटतात. बारा गाड्यांची रांग ४०० मीटरच्या वर जाते. मागून आलेली एसटी ही रांग ओलांडणार कशी? ती मधेच घुसते, किंवा तुमची माणसं तिला घुसू द्यायचं नाही म्हणून अंतर कमी करतात. दोन्ही वाईट. चार-चार गाड्यांचे तीन गट करा, प्रत्येक गट दहा मिनिटांच्या फरकाने सोडा, आणि सगळे एकत्र भेटतील ते फक्त चहा-नाश्त्याला. 'मग ग्रुप ड्राइव्हची मजा काय' असं कुणीतरी म्हणणारच. मजा मिसळीच्या टेबलावर असते. रस्त्यावर तसाही प्रत्येकाला पुढच्या गाडीचा मागचा भागच दिसतो.

गटातला क्रम महत्त्वाचा. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला आणि शांत डोक्याचा माणूस. त्याची गाडी भारी असायची गरज नाही, उलट साधी असली तर बरं. त्याच्या लगेच मागे सगळ्यांत नवखा ड्रायव्हर. लोक नेमकं उलट करतात, नवख्याला शेवटी टाकतात. शेवटच्या गाडीला रबर ताणल्यासारखे धक्के बसतात: पुढचा वळण संपवून थोडा पळाला की मधला जास्त पळतो, आणि शेवटच्याला सगळ्यांत जास्त पळावं लागतं. दुसऱ्या नंबरवर असला की नवख्याचा वेग हाच गटाचा वेग होतो आणि पुढच्याची लाइन बघून त्याला कुठे ब्रेक मारायचा, कुठे गिअर पाडायचा तेही शिकता येतं. तुमच्यातल्या दमदार टर्बो इंजिनवाल्यांना तिसऱ्या नंबरवर बसवा. कुरकुर करतील, करू द्या. शेवटच्या गाडीत दुसरा मुरलेला ड्रायव्हर, टो करायचा दोर, जंप केबल, हवा भरायचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी.

चुकामूक टाळायची साधी पद्धत म्हणजे प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची काळजी घ्यायची. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की वेग थोडा कमी करायचा. तसं पुढच्याला दिसतं, तोही कमी करतो. घाटात थांबायचं मात्र नाही. फाट्यावर, जिथे रस्ता चुकू शकतो तिथे, मागचा दिसेपर्यंत बाजूला थांबायचं. तुमच्या वाटेवर असे तीन फाटे आहेत: विळ्याला, जिथून एक रस्ता कोलाडकडे आणि दुसरा निजामपूरमार्गे माणगावकडे जातो, माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागताना, आणि पोलादपूरला महाबळेश्वरकडे वळताना. हे तिन्ही कागदावर लिहून प्रत्येक गाडीत द्या. हो, कागदावर. ताम्हिणीत बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते, तिथे व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन तुमचा मागचा मुक्काम दाखवत बसतं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

वॉकीटॉकी घेणार असाल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधला कमी ताकदीचाच सेट घ्या, त्याला लायसन्स लागत नाही. बाकी बाजारात काय वाट्टेल ते मिळतं. सेट शेजारी बसलेल्याच्या हातात राहील. आणि त्यावर एका वाक्याला माझ्या ड्राइव्हमध्ये सक्त बंदी आहे: 'या, या, मोकळं आहे.' पुढच्याने ट्रक ओलांडला तेव्हा रस्ता मोकळा असतो. तुमच्या कानावर ते शब्द येईपर्यंत समोरून एसटी वळणावर आलेली असते. ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचा. नाही जमला तर ट्रकमागे निवांत बसायचं, पुढचे फाट्यावर थांबलेलेच आहेत.

आता दिशा. तुम्ही आंबेनळी चढणार आहात, हे फार चांगलं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. दीड टनाची गाडी इतकं खाली उतरवताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती पाच युनिट विजेइतकी भरते, म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर अडीच तास. हे सगळं ब्रेकच्या डिस्कवर टाकलं तर आधी जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं आणि शेवटी पाय पार खाली जातो तरी गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. दोन वर्षांत बदललं नसेल त्यांना निघण्याआधी बदलायला लावा.

ताम्हिणी आणि पसरणी तुम्ही उतरणार आहात, तिथे जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहुतेक ठिकाणी दुसरा, कुठे तिसरा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, ठाम मारून सोडायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही. ऑटोमॅटिकवाले हमखास डी मध्ये ठेवून ब्रेकवर उतरतात. त्यांना मॅन्युअल मोड किंवा एल (लो गिअर) कसा लावायचा ते पार्किंगमध्येच दाखवा, बऱ्याच जणांनी तो गाडी घेतल्यापासून वापरलेला नसतो. इलेक्ट्रिकवाल्यांना वाटतं की रिजनरेशन आहे, म्हणजे उतारावर मोटरच गाडी रोखते आणि ती वीज बॅटरीत जाते, काळजी नाही. पण महाबळेश्वरला बॅटरी १०० टक्के भरून निघालात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि उताराच्या सुरुवातीलाच गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. थोडी जागा ठेवून भरा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना सोबतच घेत नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातला नियम आहे आणि घाटातली रीतही. यू वळणावर एसटीला पूर्ण रस्ता लागतो. ती दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबा, नाक पुढे घालू नका. दिवसा समोरच्याचे दिवे आंधळ्या वळणापलीकडून दिसत नाहीत, म्हणून हॉर्न द्या आणि काच थोडी खाली ठेवून त्याचा हॉर्न ऐका. म्हणजे गाणी बंद. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, वळताना तुमचा इंडिकेटर कुणाला कळत नाही. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प पुरेत.

थांबण्याच्या जागा आधीच्या आठवड्यात एकाने जाऊन पाहून या. चार गाड्या पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण बाहेर उभ्या राहतील अशीच जागा हवी. वळणावर नाही, धबधब्याच्या तोंडाशी नाही, आणि वरची दरड सुटी दिसते तिथे तर नाहीच, मग तिथून दरी कितीही छान दिसू दे. गाडी बंद पडली तर इशाऱ्याचा लाल त्रिकोण गाडीमागे दहा पावलांवर ठेवून काही होत नाही. तो वळणाच्या अलीकडे जायला हवा, आणि तिथे एक माणूस उभा हवा. बाकी सगळे गाडीतून उतरून डोंगराच्या बाजूला. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून रस्त्याकडेला टाका. घाटात रात्री रस्त्याच्या मधोमध पडलेले ते दगड असेच कुणीतरी विसरून गेलेले असतात. १०८ आणि ११२ हे नंबर सगळ्यांना पाठ असतात, पण 'तुम्ही नक्की कुठे आहात' याचं उत्तर देता येत नाही, म्हणून जाताना किलोमीटरचे दगड वाचत जा. मुलांना हे काम दिलं की ती उलटीही विसरतात. आवळासुपारी आणि पिशव्या तरीही ठेवा.

तुमच्या आखणीत मला खरी अडचण दिसते ती वेळेची. सगळा फेरा तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यातला बराच घाट, वर तीन गट आणि तीन-चार थांबे. पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडलात तरी महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत दुपार टळते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शनिवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. म्हणजे दिवसभर चालवून दमलेले बारा ड्रायव्हर अंधारात पसरणी उतरणार आणि नंतर महामार्गावर घरची ओढ लागलेली. इथे पुन्हा तीच घाई. एक तर महाबळेश्वरला मुक्काम करा, किंवा पहिल्या वेळी आंबेनळी सोडून द्या आणि माणगावला जेवून ताम्हिणीनेच परत या. आंबेनळीबद्दल मी जरा हळवा आहे हे कबूल करतो. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस या घाटात कोसळून तीसेक माणसं गेली. सहलीलाच निघाले होते. त्यानंतर मी तो घाट अंधारात केलेला नाही. पावसाळ्यात मी हा फेरा काढतच नाही. दरडींमुळे घाट बंद होतात आणि जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही निघतात.

'सगळ्यात आधी कोण पोहोचतो' हा खेळ गमतीतही लावू नका. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि गाडीच्या विमा पॉलिसीतही शर्यत नि वेगचाचणीचा वापर वगळलेला असतो. ज्याने आदल्या दिवशी ग्रुपवर 'उद्या आग लावू' असं टाकलं असेल त्याच्याशी निघण्याआधी एकट्यात बोला.

निघताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून हे तोंडी सांगा, मेसेज कुणी वाचत नाही. टायरची हवा, स्टेपनीची हवा, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली आहे का, एवढं तिथेच पाहता येतं. शुक्रवारी रात्री कोण पार्टीला बसलं होतं तेही तिथेच कळतं. त्याला स्टिअरिंग द्यायचं नाही, मग गाडी त्याचीच का असेना. आणि 'आज रद्द' म्हणायचा अधिकार कुणा एकाला आधीच देऊन ठेवा. मतदान घेऊ नका, घेतलंत तर नेहमी 'जाऊया' जिंकतं.

चुलतभावाला न्या. फक्त त्याआधी दोन रविवारी, पहाटे, त्याला कात्रजच्या जुन्या घाटात घेऊन जा. चढावर थांबून हँडब्रेकवर गाडी पुन्हा उचलणं आणि दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकला कमीत कमी पाय लावून उतरणं, एवढंच करून घ्या. तिसऱ्या फेरीला क्लच जळल्याचा वास आला नाही तर त्याला दुसऱ्या नंबरवर लावा, आणि शेजारच्या सीटवर त्याला न ओरडणारं कुणीतरी बसवा. वडील नकोत.