सतराव्या शतकात बायबलमुळे भूशास्त्र रखडलं का?

तुम्ही विचारलंय की बायबलने भूशास्त्र किती वर्षं अडवलं आणि त्यातून सगळ्यात आधी कोण सुटलं. ‘अडवलं’ हे आधी डोक्यातून काढा. याच विषयावरून एमएस्सीला माझे सेमिनारचे मार्क गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा विषय होता थॉमस बर्नेट. इंग्लंडच्या चर्चचा पाद्री, पुस्तक १६८१चं, लॅटिनमध्ये. बायबलमधला नोहाचा जलप्रलय, म्हणजे सगळी पृथ्वी बुडवणारा पूर, त्याच्या लेखी शंभर टक्के खरा. पण तो पहिल्यांदा हिशोब मांडतो: डोंगर बुडवायला निदान आठ महासागरांचं पाणी हवं, चाळीस दिवसांच्या पावसाने ते भागत नाही. मग देवाने जादा पाणी निर्माण केलं म्हणावं? ते त्याला साफ नामंजूर. त्याच्या मते मूळ पृथ्वी गुळगुळीत होती, डोंगर-समुद्र काही नव्हतं, पाणी कवचाखाली होतं. उन्हाने कवच तडकलं, खाली कोसळलं, पाणी वर आलं. आजचे डोंगर म्हणजे ती पडझड. सगळं चूक, पण ज्याला चमत्कार लागतो असा एकही टप्पा नाही. आणि कारण धार्मिकच! दर तासाला बोट लावून टोला वाजवावा लागतो त्या घड्याळापेक्षा आपोआप टोले देणारं घड्याळ करणारा कारागीर मोठा, असं तो म्हणतो.

इथवर आलो आणि सरांनी थांबवलं. “हे जिऑलॉजी आहे की कीर्तन?” वर्ग हसला. मी म्हटलं, सर, आठ महासागरांचा हिशोब कीर्तनात येत नाही. ते म्हणाले, पोथी खरी ठरवायला केलेला हिशोब तो हिशोबच नव्हे, बसा खाली.

पुढची ट्रान्सपरन्सी (प्रोजेक्टरवर दाखवायचा पारदर्शक कागद) हातातच राहिली. तिच्यावर न्यूटन होता. १६८०-८१च्या हिवाळ्यात त्याचा आणि बर्नेटचा पत्रव्यवहार झाला. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली हे बायबलमधलं वर्णन बर्नेट शब्दशः घ्यायला तयार नव्हता. मोझेस (परंपरेने त्या वर्णनाचा लेखक) सामान्य लोकांना समजेल असं बोलला, एवढंच. न्यूटन उलट मोझेसची बाजू सावरत होता: पृथ्वी सुरुवातीला सावकाश फिरत असेल, तर ते दिवस खूप लांब असू शकतात. आता यात पोथीवाला कोण आणि शास्त्रज्ञ कोण, ते सरांनी सांगावं.

डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोचंही तेच, धर्म आणि शास्त्र एकाच माणसात. खडकांचे थर खालून वर साचत जातात हे १६६९मध्ये लिहिणारा माणूस पुढे बिशप झाला. ‘सुटलेला’ म्हणून सगळे अठराव्या शतकातल्या स्कॉटिश भूशास्त्रज्ञ हटनचं नाव घेतात, पण त्यालाही पृथ्वीच्या रचनेत निर्मात्याची योजनाच दिसत होती.

दडपण नव्हतं असं मात्र नाही. आदम-ईव्हच्या कथेला रूपक म्हटल्यावर, १६९२च्या पुस्तकानंतर, बर्नेटचं दरबारातलं पद गेलं. अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याला सॉर्बोनच्या, म्हणजे पॅरिस विद्यापीठाच्या, धर्मपंडितांपुढे माघारीचं निवेदन द्यावं लागलं. स्टेनोने पाद्री झाल्यावर खडकांचा अभ्यास जवळपास सोडलाच.

तुम्ही विद्यार्थी असाल तर बर्नेट स्वतः वाचा, आणि कोणी ‘पोथी’ म्हणून गप्प बसवलं तर हिशोबाची कुठली पायरी चुकली ते विचारा. आमचे सर फील्डवर उत्तम होते, पण त्या दिवशी त्यांनी विचारायला हवं होतं की बर्नेटने समुद्राची सरासरी खोली किती धरली. त्याने ती फारच कमी धरली होती, त्याचे आठ महासागर त्यातूनच आले, आणि हे माझ्या शेवटच्या ट्रान्सपरन्सीवर लिहिलेलं होतं.